वाचकांचे प्रश्न : कॉकपिटातली सुई चुकीचं दाखवायला लागली तर?

मागच्या अंकात पावसाळ्यात मोपा आणि दाबोळीची विमानं दुसरीकडे का वळवतात त्यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, की पायलटला रस्ता दाखवणाऱ्या त्या पडद्यांमागे जे सॉफ्टवेअर असतं त्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा. मी बरीच वर्षं बेंगळुरूला कॉकपिट डिस्प्लेचं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलंय, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे, आणि या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय.

प्रश्न : जूनमध्ये मुंबईहून येताना आमचं विमान मोपाला अगदी खाली येऊन परत वर गेलं. बाहेर नुसता ढग, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दुसऱ्या खेपेला उतरलं. पायलट पडद्यावरच्या रेषा बघून उतरवतात म्हणे. माझ्या फोनवरचा मॅप तर साखळीच्या बाजारात मला वाळवंटी नदीत उभी दाखवतो. मग विमानातला कॉम्प्युटर चुकत नाही हे कशावरून?
— एक शिक्षिका, साखळी

उत्तर : टीचर, चुकत नाही असं कुणी धरतच नाही, तो चुकणार हे धरूनच कामाला सुरुवात होते. कोडची एक ओळ लिहायच्या आधी माणसं बसतात आणि त्या यंत्राचं एकेक काम घेऊन दोन प्रश्न विचारतात. हे बंद पडलं तर काय होईल? आणि हे चुकीचं दाखवतंय पण बघणाऱ्याला बरोबर वाटतंय, असं झालं तर काय होईल? यातला दुसरा प्रश्न जास्त वाईट. धारगळच्या फाट्यावर बोर्डच नसला तर माणूस गाडी थांबवून कुणाला तरी विचारतो, पण बोर्ड कुणी फिरवून ठेवला असेल तर तो बिनधास्त भलत्याच रस्त्याला लागतो. कॉकपिटातही तसंच, पडदा काळा पडला तर पायलटला लगेच कळतं आणि तो दुसऱ्या यंत्राकडे वळतो किंवा सरळ विमान वर घेतो, पण सुई मधोमध स्थिर आहे आणि विमान मात्र धावपट्टीच्या बाजूला सरकलंय, हे ढगात कळायला मार्गच नसतो.

तुम्ही ज्या रेषा म्हणता त्या बहुतेक आयएलएसच्या, म्हणजे धावपट्टीजवळून दोन रेडिओ किरण सोडलेले असतात, एक मधली रेषा दाखवणारा लोकलायझर आणि एक उतार दाखवणारा ग्लाइडस्लोप, हा उतार साधारण ३ अंशांचा असतो. लोकलायझरच्या किरणात दोन स्वर मिसळलेले असतात, एक ९० हर्ट्झचा आणि एक १५० हर्ट्झचा. विमान मध्यरेषेच्या डावीकडे असलं की ९० चा जोर जास्त, उजवीकडे असलं की १५० चा, आणि दोन्ही सारखे असले तर फरक शून्य, सुई मध्यावर. आता यातली मेख बघा, ट्रान्समीटरच बंद पडला तर ९० पण शून्य आणि १५० पण शून्य, फरक परत शून्यच, आणि सुई छान मध्यावर येऊन बसते! म्हणजे सिग्नलच नाही आणि आपण अगदी रेषेवर आहोत या दोन गोष्टी नुसत्या फरकावरून सारख्याच दिसतात. म्हणून रिसीव्हर फरकाबरोबर दोन्ही स्वरांची बेरीजही मोजत असतो, आणि बेरीज ठराविक पातळीच्या खाली गेली की सुई काढून तिथे फ्लॅग, म्हणजे धोक्याची खूण, दाखवायचा असा नियम असतो. जुन्या काट्याच्या यंत्रात हा फ्लॅग खरोखरचा छोटासा पत्रा होता, आज पडद्यावर रंगवलेला असतो, पण काम तेच. सुरक्षेची अट म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी नेहमी हेच उदाहरण देतो.

त्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून मग प्रत्येक बिघाडाला एक दर्जा मिळतो. पायलटची थोडी धावपळ वाढेल असा किरकोळ, त्यावरचा मोठा, त्यावरचा धोकादायक, आणि विमान व माणसं जातील असा सर्वनाशी. सर्वनाशी बिघाड उड्डाणाच्या एका तासात होण्याची शक्यता १०० कोटीत एकाहून कमी असली पाहिजे, धोकादायकाला एक कोटीत एक, मोठ्याला एक लाखात एक. सॉफ्टवेअरची लेव्हल यावरूनच ठरते, ए पासून ई पर्यंत. ज्याच्या चुकीने विमान जाईल ते लेव्हल ए, आणि ज्याच्या चुकीने कुणाचं काही बिघडत नाही ते ई. कुठल्या लेव्हलला काय काय करून दाखवायचं हे डीओ-१७८सी नावाच्या दस्तऐवजात आहे, तो डिसेंबर २०११ मध्ये आला, त्याआधी १९९२ पासून १७८बी चालू होता, युरोपात हाच मजकूर ईडी-१२सी या नावाने चालतो. लेव्हल ए ला ७१ उद्दिष्टं, बी ला ६९, सी ला ६२ आणि डी ला एकदम २६. या उड्या बघितल्या की कळतं, सी आणि डी च्या मध्ये खरी दरी आहे.

फोनच्या मॅपचं म्हणाल तर त्याने तुम्हाला कसलाच शब्द दिलेला नाही. विमानातला जीपीएस रिसीव्हर मात्र स्वतःचीच उलटतपासणी घेतो, जागा काढायला चार उपग्रह पुरतात, पाचवा मिळाला की कुठलातरी एक चुकतोय हे त्याला कळतं, सहावा मिळाला तर कुठला चुकतोय ते ओळखून तो बाजूला काढता येतो. आणि खात्री देता येत नसेल तर तो तसं पायलटला सांगतो. आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभं केलेलं गगन याच्याही पुढे जातं, ते जीपीएस सिग्नलमधली चूक जमिनीवरून मोजून उपग्रहामार्फत विमानाला कळवतं, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधारावर उतरवून बघितलं गेलं.

आणि तुमचं विमान परत वर गेलं ना, ते चांगलं झालं. साध्या प्रकारच्या आयएलएसवर धावपट्टीपासून २०० फुटांपर्यंत खाली यायला मुभा असते, तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही तर वर जायचं, पुढे वादच नाही.

प्रश्न : सर, मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १०० कोटी तासांत एक हे कसं सिद्ध करतात? एवढे तास टेस्ट कोण करणार? आणि सॉफ्टवेअर तर झिजत नाही, मग त्याची शक्यता काढायची कशी?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : प्रश्न नेमका विचारलास. एक विमान रात्रंदिवस न थांबता उडवलं तरी १०० कोटी तास भरायला साधारण १ लाख १४ हजार वर्षं लागतील, म्हणजे टेस्ट करून हा आकडा कुणी सिद्ध करूच शकत नाही. तो आकडा अख्ख्या सिस्टिमसाठी असतो, हार्डवेअरचे भाग किती तासांनी निकामी होतात त्यावरून, दोन किंवा तीन सुटे सुटे संच बसवून तो गाठतात. सॉफ्टवेअरला शक्यतेचा आकडा द्यायचाच नाही असं ठरलंय, कारण तू म्हणतोस तसं ते झिजत नाही, त्यातली चूक पहिल्या दिवसापासून तिथेच बसलेली असते आणि ठराविक परिस्थिती आली की दर वेळी तशीच बाहेर येते. दोन्ही कॉम्प्युटरात तेच सॉफ्टवेअर असेल तर दोन्ही एकाच क्षणी चुकणार. म्हणून इथे आकड्याऐवजी काम किती काटेकोर केलं त्याचा पुरावा मागतात.

तो पुरावा म्हणजे मुख्यतः धागा. विमानाच्या गरजेतून सिस्टिमची गरज, त्यातून सॉफ्टवेअरची वरच्या पातळीची रिक्वायरमेंट, म्हणजे लेखी अट, त्यातून खालच्या पातळीची, त्यातून कोड, आणि प्रत्येक पायरीला तिची टेस्ट. कोडातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ही कशासाठी आहे असं विचारलं तर वरपर्यंत जाता आलं पाहिजे, आणि जी ओळ कुठल्याच रिक्वायरमेंटला जोडता येत नाही तिला एक्स्ट्रेनिअस, म्हणजे उपरा कोड म्हणतात आणि ती काढून टाकावी लागते, असू दे पुढेमागे उपयोगी पडेल हे इथे चालत नाही.

रिक्वायरमेंट कशी लिहायची तेही बघ. "सिग्नल खराब झाल्यास पायलटला लवकर कळवावे" हे वाक्य कुणीही लिहील, आणि ते टेस्टच करता येत नाही, कारण खराब म्हणजे किती आणि लवकर म्हणजे कधी? त्याऐवजी "लोकलायझर अवैध असल्याचं रिसीव्हरने कळवल्यापासून १ सेकंदाच्या आत सुई पडद्यावरून काढावी आणि तिच्या जागी लाल फ्लॅग दाखवावा" असं लिही. आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, पण आता टेस्ट करणाऱ्याला घड्याळ लावून पास की नापास सांगता येतं. आणि लगेच पुढचे प्रश्न पडतात, अर्ध्या सेकंदात सिग्नल परत आला तर? सुई लगेच परत दाखवायची की थोडं थांबायचं? माझ्या अनुभवात मोठ्या चुका कोडात कमी सापडायच्या, अशा न विचारलेल्या प्रश्नांत जास्त.

आता तो फ्लॅग दाखवायचा निर्णय घे. सिग्नल अवैध, किंवा रिसीव्हर नापास, किंवा डेटा जुना, यातलं काहीही एक असलं की फ्लॅग. तीन अटी आहेत म्हणजे एकूण ८ जोड्या. साधी टेस्ट म्हणते एकदा फ्लॅग आला, एकदा नाही आला, झालं, दोन टेस्टमध्ये काम संपलं. पण समज लिहिणाऱ्याने जुन्या डेटाची अट घातली आणि ती चुकीच्या व्हेरिएबलला लावली, म्हणजे ती कधी खरी होतच नाही, तर या दोन टेस्टना त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून लेव्हल ए ला एमसीडीसी नावाचं कव्हरेज लागतं, प्रत्येक अटीने एकटीने निकाल बदलून दाखवायचा. इथे चार टेस्ट पुरतात, एक तिन्ही खोट्या असताना, आणि मग एकेक अट एकटीच खरी करून तीन. अटी दहा झाल्या तर जोड्या १०२४ पण अशा टेस्ट साधारण ११. लेव्हल बी ला एवढं लागत नाही, निर्णय दोन्ही बाजूंना गेला की पुरतं, आणि सी ला प्रत्येक ओळ एकदा तरी चालली की झालं.

शिवाय लेव्हल ए आणि बी ला ज्याने लिहिलं त्यानेच तपासलं हे बऱ्याच ठिकाणी चालत नाही, दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे यावरून भांडणं व्हायची, लिहिणाऱ्याला वाटायचं हा मुद्दाम खोट काढतोय, पण मुद्दाम खोट काढणं हेच त्या माणसाचं काम, त्याला पगार त्याचाच मिळतो.

प्रश्न : आमचे मिस्टर कुवेतला असतात, वर्षातून एकदा चवथीला येतात. तिकडच्या आकाशात विमानांचा जीपीएस कुणीतरी फसवतं असं ऐकलं, तेव्हापासून त्यांचं विमान उतरेपर्यंत जिवात जीव नसतो. सॉफ्टवेअरला खोटा सिग्नल ओळखता येत नाही का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, ऐकलंत ते खरं आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून इराक-इराणच्या बाजूला असे प्रकार वाढले, पुढे ते इतरत्रही दिसले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आसपासही जीपीएस गडबडल्याच्या तक्रारी आल्या. यात दोन प्रकार असतात. एकात नुसता गोंगाट करून खरा सिग्नल बुडवतात, त्याला जॅमिंग म्हणतात. तो प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण जीपीएस गेला हे रिसीव्हरला कळतं आणि तो तसं सांगतो. दुसरा स्पूफिंग, यात खऱ्यासारखाच दिसणारा खोटा सिग्नल पाठवतात आणि विमानाला वाटतं आपण भलतीकडेच आहोत.

सॉफ्टवेअरला ते ओळखता का येत नाही, तर त्याला तसं सांगितलंच नव्हतं. हे रिसीव्हर बनवताना उपग्रह बिघडेल, सिग्नल जाईल, असं सगळं धरलं होतं, पण कुणीतरी जाणूनबुजून सगळेच सिग्नल एकमेकांशी जुळवून खोटे पाठवेल हे त्या काळच्या अटींत नव्हतं. वर साखळीच्या टीचरना मी जी उलटतपासणी सांगितली ना, ती एखादा उपग्रह बाकीच्यांशी जुळत नाही यावर चालते, आणि सगळेच मिळून एकच खोटं सांगायला लागले तर तिला काही खटकतच नाही. त्याहून त्रासाचं म्हणजे एकाच जीपीएसवर अनेक यंत्रं अवलंबून असतात, त्यामुळे घड्याळ चुकतं, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र ३५ हजार फुटांवर वर घ्या वर घ्या म्हणून ओरडायला लागतं.

पण तुमच्या काळजीचं उत्तर असं, की मोठ्या विमानात जीपीएस हा एकच आधार कधीच नसतो. जायरो आणि वेगातला बदल मोजणाऱ्या यंत्रांवर चालणारी इनर्शियल सिस्टिम असते, तिला बाहेरच्या कुठल्याच सिग्नलची गरज नाही, ती तासाला थोडी थोडी सरकते एवढंच. जमिनीवरची डीएमई आणि व्हीओआर ही रेडिओ केंद्रं असतात, एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, रडार असतो. पायलटना आता त्या टापूत शिरायच्या आधीच जीपीएसची मदत तोडून ठेवायच्या सूचना असतात, म्हणजे खोटा आकडा इनर्शियलमध्ये मिसळत नाही. आणि गोव्यात उतरताना विमान आयएलएसवर येत असेल तर तो किरण इथल्या जमिनीवरून येतो, त्याचा उपग्रहाशी संबंध नाही. तरी मला वाटतं रिसीव्हरच्या अटी बदलायला उशीर झालाय. पायलटला सूचना देऊन भागवणं हा तात्पुरता उपाय, आणि तो तात्पुरताच राहिला पाहिजे.

प्रश्न : मी मोपाला टॅक्सी चालवतो. २०२५ च्या नोव्हेंबरच्या शेवटी एअरबसची विमानं सॉफ्टवेअरसाठी थांबवली तेव्हा आमची बुकिंगं बोंबलली. सूर्यामुळे झालं म्हणाले. हे खरं की थाप?
— एक टॅक्सीचालक, पेडणे

उत्तर : खरं आहे भाऊ. ३० ऑक्टोबरला अमेरिकेच्या जेटब्लू कंपनीचं ए-३२० विमान कुणी काही न करता अचानक नाक खाली करून घसरलं, काही जण जखमी झाले. एअरबसच्या तपासात निघालं की सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गाने इलॅक नावाच्या कॉम्प्युटरातला डेटा बिघडू शकतो. हा कॉम्प्युटर रस्ता दाखवणारा नाही, विमानाच्या शेपटीचे आणि पंखांचे भाग हलवणारा आहे. मेमरीतल्या एका जागी शून्याचा एक होणं ही उंचावर नेहमीची गोष्ट, त्यापासून बचाव करणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये असावाच लागतो, पण नव्या आवृत्तीत तो बचाव अपुरा पडला असं दिसलं. मग जगभरातल्या जवळजवळ ६ हजार विमानांना हुकूम निघाला, पुढचं उड्डाण करायच्या आधी दुरुस्ती करा. बहुतेकांत जुनी आवृत्ती परत टाकली, दोन-तीन तासांचं काम, काही जुन्या विमानांत मात्र कॉम्प्युटरच बदलावा लागला. तुमचं दोन दिवसांचं नुकसान झालं हे खरंच आहे, पण शनिवार-रविवारच्या गर्दीत हजारो विमानं खाली ठेवायची हिंमत या धंद्यात अजून आहे, मला त्याचा धीर वाटतो.

प्रश्न : मोबाइल हँग झाला की आम्ही रिस्टार्ट करतो. विमान पण रिस्टार्ट करतात का?
— इयत्ता नववी, डिचोली

उत्तर : करतात रे! २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान सुरक्षेच्या सरकारी खात्याने, बोईंग ७८७ साठी तसा हुकूमच काढला होता. त्या विमानातल्या जनरेटरच्या कंट्रोलमध्ये वेळ मोजणारा एक आकडा होता, तो २४८ दिवस सलग वीज चालू राहिली की भरून वाहायचा आणि चारही जनरेटर एकदम बंद पडू शकायचे. तुला गणित आवडत असेल तर करून बघ, २ हा आकडा ३१ वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा, सेकंदाचा शंभरावा भाग हे एकक धरायचं आणि त्याचे दिवस करायचे, २४८ आणि वर थोडे येतात. ए-३५० लाही पुढे १४९ तासांच्या आत वीज बंद करून चालू करायला सांगितलं होतं. अर्थात हे जमिनीवर, पार्किंगमध्ये.

प्रश्न : एवढ्या तपासण्या, एवढी सर्टिफिकेटं, तरी अपघात होतात. मग सर्टिफिकेटचा उपयोग काय?
— निवृत्त सरकारी अधिकारी, वास्को

उत्तर : साहेब, सर्टिफिकेट इतकंच सांगतं की जे मागितलं तेच बनवलंय. मागितलंच चुकीचं असेल तर ते तितक्याच काटेकोरपणे चुकीचं बनतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला २० जानेवारी १९९२ चं वाटतं. फ्रान्समध्ये एअर इंटरचं ए-३२० स्ट्रासबर्गला रात्री उतरताना डोंगरावर आदळलं, ९६ पैकी ८७ माणसं गेली. त्या विमानात खाली यायचं दोन तऱ्हांनी सांगता यायचं, एकतर कोन द्यायचा, नाहीतर मिनिटाला किती फूट ते द्यायचं, आणि दोन्हीसाठी बटण एकच, खिडकी एकच. कोन ३.३ अंश दिला की खिडकीत उणे ३.३ दिसायचं आणि मिनिटाला ३३०० फूट दिले की उणे ३३, दोघांत फरक एका टिंबाचा! पायलटना ३.३ अंश हवा होता आणि विमान दुसऱ्या तऱ्हेत राहून ३३०० फुटांनी खाली गेलं, हे चौकशीत सगळ्यात शक्य कारण मानलं गेलं. सॉफ्टवेअरने एकही चूक केली नाही. पुढे एअरबसने ती खिडकी बदलून चार पूर्ण आकडे दाखवायला सुरुवात केली.

दुसरं २० डिसेंबर १९९५ चं, कोलंबियात कालीला जाणारं अमेरिकन एअरलाइन्सचं बोईंग ७५७. नकाशावर रोझो नावाच्या रेडिओ केंद्राची खूण आर होती, पायलटने एफएमएसमध्ये, म्हणजे विमानाचा रस्ता आखणाऱ्या कॉम्प्युटरात, आर टाकला, पण त्याच्या डेटाबेसमध्ये आर म्हणजे बोगोटाजवळचं रोमिओ, १३२ सागरी मैल लांब. रोझो हवं असेल तर पूर्ण नाव टाकावं लागायचं. विमान अंधारात डावीकडे वळलं, चालकांच्या लक्षात येऊन सावरेपर्यंत डोंगर आला, १५९ माणसं गेली. इथे कोड बरोबर, डेटाबेसही त्याच्या नियमाने बरोबर, नकाशाही त्याच्या नियमाने बरोबर, पण दोघांचे नियम एकमेकांशी जुळत नव्हते. त्यामुळे नेव्हिगेशनचा डेटाबेस कसा बनवायचा, वाटेत एकही आकडा बदलला नाही हे कसं दाखवायचं, याचेही आता वेगळे निकष आहेत, आणि तो डेटाबेस दर २८ दिवसांनी नवा येतो.

बोईंग ७३७ मॅक्सचं तुम्हाला माहीतच असेल, २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. तिथे मुळात बिघाडाचा दर्जा ठरवतानाच, पायलट काही सेकंदांत ओळखून सावरेल असं गृहीत धरलं होतं, आणि विमानाचं नाक आपोआप खाली करणारं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरचं ऐकायचं. त्यावर पुढे कितीही कडक टेस्ट केल्या तरी त्या गृहीतकाला धक्का लागत नाही. म्हणून मी म्हणतो, दर्जा ठरवायच्या त्या बैठकीत अनुभवी पायलट बसला पाहिजे, आणि तो कंपनीच्या वेळापत्रकाला न घाबरणारा पाहिजे. उरलेली ७१ उद्दिष्टं त्यानंतर.

प्रश्न : पणजीत आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे, आम्ही निम्मा कोड एआयकडून लिहून घेतो. विमानात हे चालेल का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : कोड माणसाने लिहिला की यंत्राने, वर सांगितलेला धागा आणि टेस्ट दोन्हीला सारखेच. यंत्राने लिहिलेलं न तपासता घ्यायचं असेल तर त्या यंत्राचीच वेगळी पात्रता सिद्ध करावी लागते, त्यासाठी डीओ-३३० नावाचा वेगळा दस्तऐवज आहे, आणि आज बोलतं-लिहितं एआय ते सिद्ध करू शकेल असं मला दिसत नाही. विमानातच शिकलेलं न्यूरल नेटवर्क बसवायचं हा आणखी वेगळा प्रश्न, त्यातला एखादा आकडा कुठल्या रिक्वायरमेंटसाठी आहे हे कुणालाच सांगता येत नाही. त्यावर एसएई आणि युरोके या संस्था मिळून नवे निकष बनवतायत.

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतेय, तिला विमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचंय. गोव्यात राहून काही होईल का, आणि तिने काय शिकावं?
— एक पालक, पेडणे

उत्तर : सुरुवातीला बाहेर पडावं लागेल, हे काम मुख्यतः बेंगळुरू आणि हैदराबादला आहे, बेंगळुरूला एचएएल, एनएएल, तेजसचा आराखडा करणारी एडीए या सरकारी संस्था, आणि परदेशी कंपन्यांची ऑफिसं. भाषा सी आली पाहिजे, अ‍ॅडा आली तर उत्तम, तिचा जीनॅट कंपायलर फुकट मिळतो. पण त्याहून मोठं म्हणजे साधं, एकाच अर्थाचं वाक्य लिहिता येणं, इंग्रजीतही आणि मराठीतही, आणि हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

तिला सुट्टीत एक करायला सांगा. उंचीचा इशारा देणारं छोटं यंत्र घ्यायचं, पायलटने ठरवलेल्या उंचीच्या ९०० फूट अलीकडे आलं की एकदा घंटी, आणि ती उंची गाठल्यावर २०० फूट इकडेतिकडे सरकलं की परत घंटी. याच्या रिक्वायरमेंट एका कागदावर लिहायच्या, कोड तिने लिहायचा, आणि टेस्ट एखाद्या मैत्रिणीकडून फक्त तो कागद बघून लिहून घ्यायच्या, कोड अजिबात दाखवायचा नाही. उंची सांगणारा सेन्सर मध्येच गप्प झाला तर काय, पायलटने वर चढता चढताच ठरवलेली उंची बदलली तर काय, नेमक्या ९०० वर घंटी वाजणार की ८९९ वर, हे कागदावर आहे का ते मैत्रीण पहिल्याच तासात विचारेल. तो कागद आणि त्या टेस्ट मासिकाच्या पत्त्यावर पाठवल्या तर मी वाचून, खुणा करून परत पाठवीन.